पाद्री, मांजर, कुत्रा आणि खून : या विनोदी रहस्यकादंबऱ्या वाचायला कुठून सुरुवात करावी

गावचा पाद्री, त्याच्या घरातले मांजर किंवा कुत्रा आणि गावात पडलेला एखादा खून, एवढ्याच भांडवलावर इंग्रजीत विनोदी रहस्यकथांची एक छोटी पण अस्सल शाखा उभी राहिली आहे. तिची ओळख नसलेला वाचक बहुधा चुकीच्या दाराने आत शिरतो. कुणी टीव्हीवरची मालिका बघून येतो, कुणी मालिकेतले चौथे पुस्तक हाती लागले म्हणून तेच उघडतो, आणि चर्चमधल्या पदव्या, चहापार्ट्या आणि दुहेरी आडनावे यांतच अडकून पुस्तक मिटवतो. याचे मला फार वाईट वाटते, कारण नीट सुरुवात केली तर इतके निर्मळ हसवणारे वाचन फार थोडे आहे. म्हणून हा मार्ग पायरीपायरीने लिहिला आहे.

पायरी पहिली : सुरुवात सुझेट हिलपासून करा

माझे मत ठाम आहे. पहिले पुस्तक सुझेट ए. हिल यांचे 'अ लोड ऑफ ओल्ड बोन्स'. हिल यांनी आयुष्यभर इंग्रजी साहित्य शिकवले आणि निवृत्त झाल्यावर, साठी उलटल्यावर, कथा लिहायला घेतल्या. शिकवण्यातून आलेली भाषेची जाण आणि आता कुणाचीही भीड नाही असा मोकळेपणा, दोन्ही या पुस्तकात आहे.

कथा १९५७ सालची, लंडनच्या दक्षिणेला असलेल्या सरे परगण्यातली. मोलहिल नावाच्या काल्पनिक गावात रेव्हरंड फ्रान्सिस ऑटरार्ड हा नवा पाद्री येतो. त्याला आयुष्यात शांतता हवी आहे, दुसरे काही नको. पण मिसेस एलिझाबेथ फॉदरिंग्टन ही श्रीमंत विधवा त्याच्यावर इतका लोभ करू लागते, इतकी पाठीस लागते, की एके दिवशी रानात त्याचा तोल सुटतो आणि त्याच्या हातून तिचा खून होतो. हे मी फोडून सांगितले असे समजू नका. पुस्तकाच्या मलपृष्ठावरच ते सूचित केलेले असते, आणि खरी कथा त्यानंतर सुरू होते.

मेलेल्या बाईचे मांजर म्हणजे मॉरिस. ते पाद्र्याच्या घरी मुक्कामाला येते. बाउन्सर हा कुत्राही असाच दुसऱ्याच्या घरातून त्याच्याकडे आलेला. पाद्री फासावर गेला तर आपल्या खाण्यापिण्याची आणि निवाऱ्याची सोय जाईल, हे दोघांनाही नीट कळते, आणि ते त्याला वाचवण्याच्या उद्योगाला लागतात. पाद्र्याला यातले काहीच ठाऊक नसते.

पायरी दुसरी : तीन आवाज वेगवेगळे ऐका

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळी गंमत इथेच आहे. हिल यांच्या पुस्तकांत निवेदक तीन. पाद्री आपली बाजू सांगतो, मांजर आपल्या आठवणी लिहिते आणि कुत्रा रोजनिशी लिहितो. प्रकरणाच्या मथळ्यावरच आता कोण बोलतो आहे ते दिलेले असते. नवखे वाचक हा मथळा न वाचताच पुढे जातात. तसे करू नका, कारण तीच घटना तिघांच्या तोंडून तीन वेगळ्या घटना होऊन येते.

फ्रान्सिसचा आवाज भित्र्या, सुशिक्षित, सभ्य माणसाचा. आपण काय करून बसलो याची त्याला धास्ती आहे, पण संध्याकाळचे प्यानो-वादन आणि सिगारेट यांतही खंड पडू नये असे त्याला वाटते. त्याची वाक्ये नेहमी काहीतरी सावरून घेत असतात. तो 'खून' म्हणत नाही, आडवळणाने उल्लेख करतो. ही आडवळणे टिपत गेलात की तो मनाने कुठे उभा आहे ते कळते.

मॉरिस अहंमन्य आहे. घरात अक्कल फक्त आपल्यालाच, बाकी एक बावळट माणूस आणि एक गावंढळ कुत्रा, अशी त्याची खात्री. त्याची वाक्ये लांब, शब्द जड, सूर जुन्या वळणाच्या विद्वानाचा. इंग्रजी फार सरावाचे नसेल तर मॉरिसची प्रकरणे सुरुवातीला अवघड जातात. माझा सल्ला असा, की पहिल्या वाचनात शब्दकोश बाजूला ठेवा. त्याचा शब्द न शब्द कळणे गरजेचे नाही, तो कुणाला नाक मुरडतो आहे एवढे कळले की पुरे. शब्दांचा अर्थ दुसऱ्या वाचनात शोधा. दुसरे वाचन तुम्ही नक्की कराल.

बाउन्सर साधा. छोटी वाक्ये, सतत उत्साह, आणि विचारांच्या केंद्रस्थानी हाडे. लेखिकेने त्याला मूर्ख केलेले नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. कुत्र्याला नाकाने जे कळते ते मांजराच्या बुद्धीला आणि माणसाच्या शिक्षणाला कळत नाही, आणि हिल ही गोष्ट कथानकात नेमकी वापरतात. रहस्यकथेत पुरावा म्हणजे शेवटी एखादी वस्तू असते, आणि वस्तू उचलून दुसरीकडे नेण्यात कुत्र्याचा हात कोण धरणार! पाद्री पानभर चिंता करतो, मांजर पानभर योजना आखते आणि बाउन्सर दोन ओळींत प्रत्यक्ष काय झाले ते सांगून टाकतो.

वाचताना एक सवय लावून घ्या. तिघांची प्रकरणे एका बैठकीत वाचा, मधेच एका आवाजावर थांबू नका. पाद्र्याचे प्रकरण वाचून दोन दिवसांनी कुत्र्याचे उघडले तर दोघांच्या सांगण्यातली तफावत हातून निसटते, आणि विनोद त्या तफावतीतच आहे.

प्राण्यांची प्रकरणे लहान मुलांसाठी आहेत असे समजून ती वरवर चाळणारे वाचक मी पाहिले आहेत. त्यांना हे पुस्तक बेताचे वाटते, आणि त्यात नवल नाही. ती प्रकरणे काढली तर उरतो तो एका घाबरट खुन्याचा जबाब.

पायरी तिसरी : 'खुनी कोण' हा प्रश्न सोडून द्या

आपण मराठी वाचक बाबूराव अर्नाळकरांच्या, शेरलॉक होम्सच्या आणि अगाथा ख्रिस्तीच्या वळणावर वाढलेले. शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडला पाहिजे ही आपली अपेक्षा. हिल यांच्याकडे ती अपेक्षा घेऊन गेलात तर पन्नासाव्या पानाच्या आतच हिरमोड होईल. इथे खुनी पहिल्यापासून माहीत आहे. प्रश्न एवढाच, की हा बिचारा सुटतो कसा, आणि दर वेळी एक लफडे निस्तरताना दुसऱ्यात पाय कसा अडकवतो.

पाद्री आणि रहस्यकथा यांचे नाते जुने आहे, आणि ते ठाऊक असले की हिल यांचा खट्याळपणा जास्त कळतो. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज कॅथलिक पाद्री स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहीत. त्यांचे वडील मँचेस्टरचे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, बिशप. नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेच्या 'दहा आज्ञा' लिहिल्या. गुपित खोल्या एकीपेक्षा जास्त नकोत, अलौकिक शक्तींचा आधार घेऊ नये, जुळ्या भावांसाठी वाचकाची आधी तयारी करावी, अशा त्या आज्ञा. त्यांतली सातवी सांगते, की गुप्तहेराने स्वतः गुन्हा करता कामा नये. ख्रिस्ती यांच्या 'मर्डर ॲट द व्हिकरेज' या १९३० सालच्या कादंबरीतही गावचा पाद्रीच निवेदक आहे, पण तो निरपराध. हिल यांनी हीच गावे, हीच चहाची भांडी, हाच निवेदक पाद्री घेतला आणि रक्त त्याच्याच हाताला लावले.

काळही मनात ठेवा. ब्रिटनमध्ये शेवटच्या फाशी १९६४ साली झाल्या आणि खुनासाठीची फाशी १९६५ साली उठली. फ्रान्सिसच्या डोळ्यांपुढे जो दोर लोंबतो तो त्या काळातल्या माणसाला खरा वाटणारा दोर आहे. विनोदाला धार येते ती या भीतीमुळे.

पायरी चौथी : चर्चमधली माणसे ओळखून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण एकदाच करायची आहे. या कादंबऱ्या चर्च ऑफ इंग्लंडच्या जगात घडतात. ते कॅथलिक नाही. त्यामुळे वसईतल्या किंवा गोव्यातल्या फादरांचे चित्र मनात आणू नका. इथला पाद्री लग्न करू शकतो, आणि केले नसेल तर गावातल्या समस्त विधवा आणि मावश्या त्याच्या मागे असतात. फ्रान्सिसवरचे संकट यातूनच ओढवते.

गावच्या चर्चचा प्रमुख म्हणजे व्हिकर किंवा रेक्टर. पूर्वी गावाने चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दशांशातला मोठा वाटा रेक्टरला मिळे आणि व्हिकरला धाकटा. आज कामात फरक उरलेला नाही, घराचे नाव तेवढे बदलते, व्हिकरेज किंवा रेक्टरी. त्यांच्या हाताखालचा उमेदवार पाद्री तो क्युरेट. कॅनन ही कथीड्रलशी, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चशी, जोडलेली मानाची पदवी. अनेक गावांच्या वर बिशप, आणि बिशप आला की कादंबरीतला पाद्री घामाघूम होणार हे ठरलेलेच. हिल यांच्या मालिकेत बिशप क्लिंकर हे काम चोख करतात. चर्चवॉर्डन म्हणजे गावकऱ्यांनी निवडलेले विश्वस्त, आणि काही गावांत एक 'पेट्रन' असतो, जुना जमीनदार, ज्याच्याकडे नवा पाद्री सुचवण्याचा पिढीजात हक्क असतो. गावातले अर्धे राजकारण त्याच्या वाड्यात शिजते.

इमारतही डोळ्यांपुढे हवी. कथानक व्हेस्ट्रीत, म्हणजे पाद्र्याच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, किंवा घंटेच्या मनोऱ्यात जाते तेव्हा आपण कुठे आहोत ते कळायला हवे. मुंबईकरांना हे सोपे आहे. फोर्टमधल्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये एकदा शांतपणे फिरून या. १७१८ साली उपासनेसाठी खुली झालेली ही वास्तू मूळची अँग्लिकन, आणि चर्चगेट हे नाव तिच्याच दिशेच्या किल्ल्याच्या दरवाजावरून आलेले. बाकांच्या रांगा, व्याख्यानपीठ, गायकवृंदाच्या जागा, बाप्तिस्म्याचे दगडी पात्र, सगळे तिथे बघायला मिळते. पुण्याच्या वाचकांसाठी कॅम्पातले १८२५ सालचे सेंट मेरीज चर्च आहे.

आणि पाद्र्याच्या घरातला विनोद आपल्याला परका नाही, हेही सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे जगावेगळे वागणे आणि त्या वागण्याने घरात उडणारा गोंधळ, प्रेमाने आणि हसत सांगितलेला, वाचलेला आहे. ती खरी माणसे, ही कल्पित, जातकुळी निराळी. तरी धर्मकार्यातला माणूस घरच्या नजरेतून कसा दिसतो हे पाहायची सवय मराठी वाचकाला आधीच आहे, आणि ती इथे उपयोगी पडते.

पायरी पाचवी : मालिकेचा क्रम मोडू नका

फ्रान्सिसची पुस्तके पाच. 'अ लोड ऑफ ओल्ड बोन्स', 'बोन्स इन द बेल्फ्री', 'बोन आयडल', 'बोन्स इन हाय प्लेसेस' आणि 'अ बेडलम ऑफ बोन्स'. सगळ्या नावांत हाडे असल्यामुळे दुकानात गोंधळ होतो, म्हणून हा क्रम फोनमध्ये लिहून ठेवा. पहिल्या पुस्तकातला खून पाचव्यापर्यंत पाठ सोडत नाही. ज्याने पाद्र्याची एकदा बाजू घेतली तो पुढे त्याची किंमत वसूल करतो. ब्रायटनचा निकोलस इन्गाझा हा चित्रांचा संशयास्पद व्यापारी याचा उत्तम नमुना. दुसऱ्या पुस्तकात चोरीची चित्रे चर्चच्या घंटाघरात का येऊन पडतात ते पहिले वाचल्याशिवाय कळणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पुढे हिल यांनी फ्रान्सिसची बहीण प्रिमरोझ हिला मध्यभागी घेऊन 'द प्रिमरोझ पर्सूट' लिहिले, मांजर आणि कुत्र्यासकट. पहिली पाच संपेपर्यंत त्या पुस्तकाचे मलपृष्ठसुद्धा वाचू नका, इंटरनेटवरचा परिचयही नको. का, ते विचारू नका.

पुस्तके मूळ इंग्रजीतच वाचायची आहेत. ई-पुस्तक हा सोपा मार्ग. कागदी प्रत हवी असेल तर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला पाचही नावे लेखिकेच्या नावासह देऊन ठेवा, नुसते 'बोन्स' सांगितलेत तर तो वैद्यकाची पुस्तके काढून देईल.

पायरी सहावी : मग कॅनन क्लेमेंटकडे जा

हिल यांची दोन-तीन पुस्तके झाली की चव बदला. रिचर्ड कोल्स यांचे 'मर्डर बिफोर इव्हनसाँग' हे २०२२ सालचे पुस्तक घ्या. इव्हनसाँग म्हणजे सायंप्रार्थना.

कोल्स यांचे आयुष्यच कादंबरीसारखे. ते 'द कम्युनार्ड्स' या पॉप जोडीतले एक. त्यांचे एक गाणे १९८६ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. नंतर ते धर्मशिक्षणाकडे वळले, पाद्री झाले आणि नॉर्थॅम्प्टनशरमधल्या फिनडन गावी २०२२ पर्यंत व्हिकर होते. त्यांना डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्यांचे प्रेम, आणि त्यांच्या नायकाकडे, चॅम्प्टन गावच्या कॅनन डॅनियल क्लेमेंटकडे, त्याच जातीचे दोन आहेत, कॉस्मो आणि हिल्डा. घरात डॅनियलची आई ऑड्री. ती कुणालाही काहीही तोंडावर बोलते. माझ्या मते मालिकेतले सर्वांत जिवंत पात्र तीच.

काळ १९८८. चर्चमध्ये शौचालय बांधावे असा प्रस्ताव डॅनियल मांडतो आणि गाव दुभंगते. मग पेट्रनचा चुलतभाऊ चर्चच्या मागच्या भागात मरून पडलेला सापडतो, मानेत झाडे छाटायची कात्री. शौचालयावरून खून! ज्याने कुठल्याही देवळाच्या जीर्णोद्धार समितीची एखादी बैठक पाहिली आहे त्याला यात अशक्य काही वाटणार नाही.

इथे प्राणी बोलत नाहीत, आणि हिलनंतर सुरुवातीला ते थोडे चुकल्यासारखे वाटते. मग त्यांचे काम निराळे आहे हे ध्यानात येते. कुत्र्यांना फिरवायला पाद्र्याला रोज बाहेर पडावे लागते, आणि गावातली माणसे पाद्र्याशी जे बोलत नाहीत ते कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवताना बोलून जातात. इथे 'खुनी कोण' हा प्रश्न परत घ्या, कारण कोल्स रीतसर कोडे घालतात. मात्र पहिली शंभर पाने सावकाश जातात. फुलांच्या सजावटीवरचे हेवेदावे, वाड्यावरची जेवणे, अंत्यविधी. घाई करू नका. अनेक वर्षे पाद्रीपणा केलेल्या माणसाचा अनुभव त्या सावकाशपणात आहे, विशेषतः मृत्यू झालेल्या घरात पाद्री कसा पाऊल टाकतो ते वाचताना. पुढची पुस्तके 'अ डेथ इन द पॅरिश' आणि 'मर्डर ॲट द मॉनेस्टरी', याच क्रमाने.

पायरी सातवी : आजूबाजूचे वाचन

जेम्स रन्सी यांच्या ग्रँटचेस्टर कथा बहुतेकांना टीव्हीमुळे माहीत असतात. केंब्रिजजवळचे ग्रँटचेस्टर, १९५३ पासूनचा काळ, पाद्री सिडनी चेंबर्स आणि त्याचा लॅब्रडॉर डिकन्स. लेखकाचे वडील कँटरबरीचे आर्चबिशप होते, त्यामुळे तपशील पक्के. विनोद मंद, विचार जास्त. पहिल्या पुस्तकात सुट्या कथा आहेत, त्यामुळे प्रवासात वाचायला चांगल्या. पण खळखळून हसायला आलेल्या वाचकाने इथून सुरुवात करू नये.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर जी. के. चेस्टरटनच्या फादर ब्राउनची 'द ओरॅकल ऑफ द डॉग' ही कथा वाचा. ती १९२६ सालच्या संग्रहात आहे. चेस्टरटन १९३६ साली वारले, त्यामुळे भारतात त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट संपलेला आहे आणि कथा मोफत मिळते. कुत्रा विव्हळला, त्याला काहीतरी गूढ कळले, असे सगळे म्हणतात. फादर ब्राउन तेवढा कुत्र्याला कुत्रा म्हणून समजून घेतो. फादर ब्राउन कॅथलिक आहे हे मात्र लक्षात असू द्या, चौथ्या पायरीतली माहिती त्याला लागू नाही.

पायरी आठवी : मोठ्याने वाचा

घरात किंवा वाचनकट्ट्यावर तिघे जमत असाल तर हिल यांचे पहिले पुस्तक वाटून घेऊन मोठ्याने वाचा. एकाने पाद्री, एकाने मांजर, एकाने कुत्रा. परदेशातल्या मराठी मंडळांच्या वाचनगटांना हा खेळ विशेष जमेल, कारण तिथल्या मुलांना इंग्रजी सहज येते आणि आजी-आजोबांना पन्नासच्या दशकातली रीतभात ठाऊक असते. ज्याला इंग्रजी वाचताना संकोच वाटतो त्याला बाउन्सर द्या, वाक्ये छोटी आहेत आणि जोरात वाचली तरी शोभतात. पाद्री द्यावा तो सावकाश, अडखळत वाचणाऱ्याला. मॉरिस घेणाऱ्याने आपले प्रकरण आदल्या दिवशी एकदा मनात वाचून यावे, श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खुणावून ठेवावे, आणि वाचताना हसू नये.